न जळणारं गवत

वाहून आलेलं लाकूड शेगडीत घालायचं नाही, हे अटलांटिकच्या काठावरच्या मोझर्स कोव्ह गावातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. समुद्राचं लाकूड जळतं झकास, निळ्या-हिरव्या ज्वाळा निघतात, पण त्यातलं मीठ दोन-तीन हिवाळ्यांत शेगडीचं पोट खाऊन टाकतं. उन्हाळ्यात राहायला येणारी शहरी माणसं हौसेनं काठावरचे ओंडके गोळा करायची, तेव्हा हिबर्ट गोरहॅम मुद्दाम ट्रक थांबवून त्यांना सुनवायचा. "मीठ लोखंडाला सोडत नाही, साहेब. दिसत नाही, ऐकू येत नाही, पण खात बसतं." एरवी दिवसभरात चार वाक्यं बोलणारा हा माणूस एवढ्या एका विषयावर भाषण करायचा.

आणि त्याच हिबर्टच्या हातून ते झालं. माणूस मूर्ख असता तर सांगण्यासारखं काही उरलंच नसतं.

हिबर्ट समुद्रात सापळे टाकून शेवंडं पकडायचा. लग्न केलं नव्हतं; कोणी विचारलं तर म्हणायचा, वेळ मिळाला नाही. बाप एल्डन जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि हिबर्ट आई अल्मेडाबरोबर आजोबांनी बांधलेल्या लाकडी घरात राहत होता. घर समुद्राकडे तोंड करून उभं, आणि समुद्राकडे तोंड करून उभं राहणाऱ्याला थप्पड बसणारच. बैठकीच्या खोलीत बाहेरच्या भिंतीला लागून विटांची भलीमोठी फायरप्लेस होती. तिच्यात अर्धं झाड जाळलं तरी माणसाचे गुडघे भाजायचे आणि पाठ गारठून जायची.

त्या फेब्रुवारीत अल्मेडाला न्युमोनिया झाला. इस्पितळातून सुटली तेव्हा डॉक्टर म्हणाले, आणखी एक हिवाळा त्या घरात काढला तर वसंत दिसायचा नाही. हॅलिफॅक्स शहरातून हिबर्टची धाकटी बहीण लोरेटा आली होती. तिनं तिथल्या तिथे निकाल दिला. हे घर नाही, बर्फाचा कारखाना आहे; पुढच्या थंडीच्या आत बैठकीची खोली उबदार झाली तर ठीक, नाहीतर आईला वृद्धाश्रमात ठेवायचं. लोरेटा वाईट नव्हती. तिचं म्हणणं बरोबर होतं, आणि बरोबर बोलणाऱ्या बहिणीसारखं जड ओझं जगात दुसरं नाही.

वृद्धाश्रम शब्द ऐकला की अल्मेडाचे हात थंड पडत. तिच्या लहानपणी तिची झिल्फा मावशी जिल्ह्याच्या कंगालघरात मेली होती. चार कपड्यांचं बोचकं घेऊन गेली आणि बोचकंच परत आलं. पुढं त्या जागेचं नाव बदललं, पडदे लागले, टीव्ही आला, नर्सा आल्या, चांगल्या मायाळू नर्सा. पण इमारत तीच होती, आणि अल्मेडाला तिचा दरवाजा पाठ होता.

घरी आल्यावर तिनं हिबर्टची बाही धरली.

"मला तिथं मरायला पाठवू नकोस, हिब. बाकी कुठंही मर म्हण, मरते."

"तू इथंच मरशील, आई," हिबर्ट म्हणाला.

गोरहॅम घराण्यात याहून गोड कोणी काही बोलल्याचं ऐकिवात नाही. दोघांचंही समाधान झालं आणि दोघं चहा प्यायले.

घरं तापवायचं तेल महाग झालं होतं, त्यामुळे त्या वर्षी गावोगाव लोक फायरप्लेसच्या कोनाड्यात लोखंडी शेगडी बसवून घेत होते. पुढं काचेचं दार, आत लाकडं, मागून स्टेनलेसचा धुराचा नळा विटांच्या धुराड्यातून वर छपरापर्यंत. हिबर्टनं एप्रिलमध्येच तशी शेगडी आणून बसवली. ती पेटली, तापली, घरघरली, आणि खोली होती तशीच राहिली. सगळी ऊब मागच्या विटा पिऊन टाकत होत्या. बाहेर उशिराचा बर्फ पडला तेव्हा धुराड्यापाशी हातभर जमीन कोरडी राहिली आणि तिथं गवताला कोंब फुटले. शेजारचा विल्मॉट स्विम कुंपणावर कोपरं टेकून बराच वेळ ते बघत उभा राहिला.

"हिब, अटलांटिक तापवतोयस होय? मासे थँक्यू म्हणत होते."

शेगडी विकणाऱ्या यार्मथच्या दुकानदारानं उपाय सांगितला. शेगडीच्या तिन्ही बाजूंची आणि वरची पोकळी भरायची, म्हणजे ऊब विटांत न जाता खोलीत येईल. भरायला दगडापासून बनवलेली लोकर मिळते, ती जळत नाही. हिबर्टनं घरी येऊन सांगितलं तशी अल्मेडा हसून हसून खोकली.

"दगडाला लोकर कधीपासून यायला लागली? आणि कातरतं कोण तो दगड?" मग तिनं हातातली सुई भिंतीवर टकटक वाजवली. "ह्या भिंतीत काय आहे? समुद्रगवत. तुझ्या आजोबांनी भरलं. पॉइंटवरचं कोठार जळालं तेव्हा लाकूड गेलं, छप्पर गेलं, गवताच्या गाद्या जशाच्या तशा उभ्या. समुद्रगवत जळत नाही, हिब. घरात आहे ते सोडून गावात कशाला बघायचं?"

हे खरं होतं. त्या किनाऱ्यावर लांब फितीसारखं खाडीचं गवत वादळानंतर ढिगांनी येऊन पडतं. तिथल्या लोकांनी पिढ्यान् पिढ्या घराच्या भिंती त्यानंच भरल्या, जोत्याभोवती तेच रचलं, मुलांच्या गाद्यांतही तेच कोंबलं. हिबर्ट तसा आईच्या शब्दावर डोळे मिटून जाणारा नव्हता. त्यानं मूठभर वाळलं गवत फुललेल्या निखाऱ्यावर टाकून बघितलं. ते काळं झालं, घाण वास आला, जराशी धुसफूस झाली, पण ज्योत काही धरेना. झालं, प्रश्न मिटला. आगीची परीक्षा घेतली आणि गवत पास झालं. दुसरी कुठली परीक्षा असते हे त्याच्या ध्यानात आलं नाही, आणि माझ्या मते तुमच्या-आमच्याही आलं नसतं.

सप्टेंबरच्या वादळानं भरपूर गवत काठावर टाकलं. हिबर्टनं ट्रक भरभरून आणलं आणि धक्क्यावर सापळ्यांच्या लाकडी मांडण्यांवर पसरलं. त्यानंतर आभाळ जे उघडलं ते बंदच होईना. ऊन आणि कोरडा वायव्य वारा. गवत कुरकुरीत वाळलं. नोव्हेंबरच्या शेवटी सापळे टाकायचा दिवस, त्याच्या आत सापळे दुरुस्त करायचे, दोर बदलायचे, बोटीला रंग द्यायचा. हिबर्टला हा कोरडा महिना देवानं पाठवल्यासारखा वाटला.

तो गवताची पोती आत आणत होता तेव्हा अल्मेडा खिडकीपाशी बसून विणत होती. सापळ्यांच्या तोंडाशी सुतळीची जाळीची नरसाळी लागतात, शेवंडं त्यातून आत शिरतात आणि परत निघत नाहीत. ती जाळी गावातल्या बायका विणतात. अल्मेडाच्या हातची जाळी डोळे मिटून घ्यावी अशी. जाळीचं एकेक घर सारखं.

"पाऊस लागला का गवताला?" तिनं विचारलं.

"का?"

"का ते मला काय माहीत. तुझे आजोबा म्हणायचे, तीन पाऊस खाल्ल्याशिवाय गवत घरात घ्यायचं नाही. उन्हाळाभर शेतावर पडलेलं असायचं. पिसवा जाव्यात म्हणून असेल."

"लागला, लागला," हिबर्ट म्हणाला.

खोटं बोलावं असं त्याच्या मनात नव्हतं. हातात पोतं होतं, डोक्यात बोट होती, आणि पिसू तर एकही दिसत नव्हती. त्यानं शेगडी पुढं ओढून तिच्या डाव्या-उजव्या अंगाला, पाठीमागं, आणि वर नळ्याभोवती हात पोचेल तिथवर गवत ठासलं. हात पोचेना तिथं बोटीचा आकडा घेऊन ठासलं. मग शेगडी मागं सरकवली, पुढून लोखंडी पट्टी बसवली आणि विस्तव केला.

तो हिवाळा अल्मेडाच्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा गेला. हे तिनंच सांगितलं, आणि ती सुखाबद्दल सैल बोलणारी बाई नव्हती. तिचा पलंग बैठकीच्या खोलीत शेगडीपाशी आणला होता. जानेवारीत खिडकीत जिरेनियम फुललं. शनिवारी शेगडीच्या माथ्यावर काकवी घातलेल्या घेवड्यांचं भांडं दिवसभर रटरटायचं. टॉडी नावाचा म्हातारा बोका पोट वर करून विटांवर पडून असायचा. नाताळला आलेली लोरेटा स्वेटर काढून बसली आणि म्हणाली की तुम्ही दोघांनी मला हरवलंत. हिबर्टनं खांदे उडवले, पण त्या रात्रीचं जेवण त्याला फार गोड लागलं.

मग उन्हाळा आला. जून-जुलैमध्ये त्या किनाऱ्यावर धुकं आठवडेच्या आठवडे उठत नाही. शेगडी थंड होती, धुराडं थंड होतं, वरच्या टोपीच्या फटीतून पाऊस झिरपत होता, आणि आत ठासलेलं कोरडं गवत जीव लावून ती ओल पीत होतं. ओल लागल्यावर मीठ जागं होतं. कोणाला दिसलं नाही, ऐकू आलं नाही.

दुसऱ्या हिवाळ्यात अल्मेडाचं डोकं दुखायला लागलं.

आधी ती म्हणाली चष्मा बदलायला हवा. मग जेवण नकोसं झालं. मग डिसेंबरात एके दिवशी हिबर्ट धक्क्यावर नव्या जाळ्या सापळ्यांना बांधत होता, तेव्हा एक जाळी हातात घेऊन तो थांबला. एक घर मुठीएवढं, शेजारचं बोटही न जाणारं, पुढं नुसतीच गाठीवर गाठ. त्यानं खालची काढली, तीही तशीच. विल्मॉटनं ते बघितलं आणि आपल्या सापळ्यांकडे वळला. हिबर्टनं त्या जाळ्या ट्रकच्या सीटमागं दडवल्या आणि घरी आल्यावर सांगितलं, मस्त झाल्यात.

बोका शेगडीपाशी येईना. तो बाहेरच्या थंडगार शेडमध्ये दोरांच्या वेटोळ्यात झोपायला लागला. विल्मॉटची बायको म्हणाली, जनावराला कळतं, घरात मरण आलं की ते बाहेर पडतं. हिबर्टलाही सकाळी डोकं जड वाटायचं, जिभेला चव नसायची. पण बोट बंदराच्या तोंडाशी तरंगणाऱ्या घंटेच्या बोयापलीकडे गेली की सगळं उतरायचं. वय झालं, तो म्हणायचा, आणि समुद्राला औषध मानायचा. तो दिवसभर समुद्रावर आणि रात्री माडीवर पलीकडच्या टोकाला. अल्मेडा चोवीस तास शेगडीपाशी.

आणि ती जितकी अशक्त होत गेली तितका तो शेगडीला जपत गेला. आईला गारठा नको म्हणून जाडजूड ओंडके भरायचा आणि हवेची झडप जवळजवळ बंद करून ठेवायचा, म्हणजे विस्तव धुमसत टिकेल. याचा विचार पुढं त्यानं किती वेळा केला असेल ते त्यालाच ठाऊक. तिची काळजी जितकी घेतली तितकं तिला मारत होता.

ती त्याला एल्डन म्हणायला लागली. एल्डन बरा आहे ना, बोट लागली का, हिब अजून शाळेतून कसा आला नाही. एकदा तिनं चहात राख घातली. एकदा पलंगाखाली शिरून म्हणाली, झिल्फा मावशी दारात उभी आहे, तिला सांग मी घरात नाही. जानेवारीत ती पडली आणि कपाळाला खोक पडली. लोरेटा धावत आली. डॉक्टर म्हणाले, या वयात डोक्याला रक्त पुरेसं पोचत नाही, असं होतं, उपाय नाही. लोरेटा स्वयंपाकघरात बसून आधी रडली, मग डोळे पुसून बोलली.

"तू वचन दिलंयस, माहीत आहे मला. पण ते आईला दिलंस ना? ती आई आता इथं नाहीये, हिब. उद्या ती त्या शेगडीवर पडली तर?"

हिबर्टनं वृद्धाश्रमाच्या कागदावर सही केली. सही नेहमीसारखीच वळणदार आली, याचंच त्याला पुढं वाईट वाटत राहिलं.

ज्या दिवशी नेलं त्या दिवशी अल्मेडा शांत होती. तिला वाटलं चर्चला चाललोय. तो दरवाजा, जो तिला पाठ होता, त्यातून ती हिबर्टच्या दंडाला धरून हसत आत गेली.

दहा-बारा दिवस वादळ होतं, रस्ता बर्फानं बंद. हिबर्ट पुन्हा भेटायला गेला तेव्हा ती खुर्चीत ताठ बसली होती.

"हिब," ती म्हणाली, "मी इथं कशी आले?"

डोळे स्वच्छ होते. शेवंडाचा भाव काय चाललाय विचारलं, विल्मॉटच्या बायकोचा गुडघा कसा आहे विचारलं, आणि दाढी का केली नाहीस म्हणून झापलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, "माझं डोकं साफ झालंय. मला घरी ने."

हिबर्ट हरखला. नर्सनं त्याला बाजूला घेऊन सांगितलं की असं होतं, मधेच एखादा चांगला काळ येतो, फार आशा धरू नका. लोरेटानं फोनवर तेच सांगितलं. तरी तो अडून बसला, आणि शेवटी असं ठरलं की एका रविवारी दिवसभर नेऊन बघायचं.

त्या रविवारी त्यानं पहाटेपासून शेगडी पेटवली. खोली गच्च उबदार केली, दारं-खिडक्यांच्या फटी चिंध्यांनी बंद केल्या, बटाटे आणि दूध घालून हॅडॉक माशाचं कालवण केलं. अल्मेडा आली, भिंतीवरून हात फिरवला, जिरेनियमची वाळली पानं खुडली, दोन वाट्या कालवण खाल्लं आणि मीठ कमी आहे म्हणाली. हिबर्ट मनातल्या मनात लोरेटाशी भांडणाची वाक्यं जुळवत होता. तीन वाजता तिनं कपाळाला हात लावला. चार वाजता ओकली. उजेड जायच्या वेळेला तिनं त्याच्याकडे बघून विचारलं, "एल्डन, हिब कुठाय? त्याला समुद्रावर एकटं सोडू नकोस रे." बसल्या जागी तिचे कपडे ओले झाले होते.

तो तिला परत घेऊन गेला. रस्त्यात ती झिल्फा मावशीशी बोलत होती.

पुढच्या भेटीत ती पुन्हा ताळ्यावर होती, आणि हाच खरा दुष्काळातला तेरावा महिना, कारण आता तिला सगळं आठवत होतं.

"मी तुला तुझ्या बापाच्या नावानं हाक मारली ना? आणि खुर्ची खराब केली." हिबर्ट टोपीची कड मुडपत राहिला. "मी विचार केला, हिब. इथं असले की माणसात असते. तिथं गेले की हरवते. त्या घरालाच मी नको झालेय." तिनं मांडीवरच्या शालीची घडी नीट केली. "आता नाही म्हणणार तुला घरी ने म्हणून. सुतळी घेऊन ये तेवढी. बसून हात गंजतात."

त्यानं सुतळी आणून दिली. दर रविवारी ती विणलेल्या जाळ्यांची पिशवी त्याच्या हातात द्यायची. घर न् घर सारखं. हिबर्ट ती ट्रकमध्ये बसून बघायचा आणि त्याला काही उमगायचं नाही.

एप्रिलमध्ये तिला झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. समजतं सगळं, नर्स म्हणाली, पण बोलता येणार नाही. जाळ्या थांबल्या.

मेअखेर मोसम संपला. सापळे काठावर आले, आणि हिबर्टनं शेगडी काढून टाकायची ठरवली. एकट्या माणसाला एवढी ऊब कशाला, आणि ती शेगडी बघवतही नव्हती. विल्मॉट विकत घ्यायला तयार होता. दोघांनी मिळून पट्टी काढली आणि शेगडी पुढं ओढली. गवत पडलं नाही. काळपट, चिकट होऊन एकजीव झालं होतं. हिबर्टनं ते उपसलं तसा नळा उघडा पडला.

"हे काय रे?" विल्मॉट म्हणाला. "चाळणी?"

नळ्याला खालच्या बाजूनं भोकंच भोकं होती, काही टाचणीएवढी, काही बोट जाईल एवढी. कडांना पांढरा थर होता. हिबर्टनं तो नखानं खरवडला आणि जिभेला लावला.

तो विटांवर खाली बसला.

विल्मॉट गवताचा गोळा हातात घेऊन उलटापालटा करत होता. "आमचा म्हातारा म्हणायचा, तीन पाऊस लागल्याशिवाय नाही आणायचं. मला वाटायचं वास जावा म्हणून. भिंतीतले खिळे खातं म्हणून असणार, हिब. धुवून जायला पाहिजे ना मीठ." मग नळ्याकडे बघून त्याचा आवाज बारीक झाला. "पण मग धूर घरात नाही आला?"

धूर नव्हता आला. दाबून ठेवलेल्या विस्तवाला फारसा धूर नसतो, आणि होता तो गवतानं गाळून घेतला होता. उरला तो वायू, ज्याला ना रंग ना वास. तो काय असतो हे किनाऱ्यावर कोणाला सांगावं लागत नाही. काही वर्षांपूर्वी गावचा ऑरिन इंजिन चालू ठेवून बोटीच्या खोपीत जरा पडला आणि उठलाच नाही. त्याला बाहेर काढणाऱ्यांत हिबर्ट होता. त्याआधी महिनाभर ऑरिनची बायको सांगत होती की ह्यांचं डोकं दुखतं, विसरायला लागलेत, बोटीवरून आले की ओकतात.

हिबर्टला सगळं एकदम दिसलं. वाकड्या जाळ्या, शेडमधला बोका, रविवारचं कालवण, चिंध्यांनी बंद केलेल्या फटी. आईचं डोकं गेलंच नव्हतं. त्यानं तिला तिच्या घरातून काढलं होतं, तिच्या तोंडून घरालाच मी नको झालेय असं वदवलं होतं, आणि ती बिचारी त्यावर विश्वास ठेवून गप्प बसली होती. 

काजळीच्या हातांनीच तो ट्रक घेऊन वृद्धाश्रमात गेला.

अल्मेडा खिडकीपाशी होती, उजव्या कुशीला उशी लावलेली. त्यानं खुर्ची तिच्यासमोर ओढली आणि तिचा चांगला हात हातात घेतला.

"आई, तुझं डोकं गेलं नव्हतं. शेगडीचा नळा फुटला होता. त्यातला वायू तुला चढत होता. इथं बरं वाटायचं ते त्यामुळंच. घराला तू नको नव्हतीस." तिच्या हाताला त्याची काजळी लागली होती. "मिठानं खाल्ला नळा. गवतातल्या."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं हात त्याच्या हातातून सोडवून घेतला आणि वर केला. करंगळी अंगठ्याखाली दाबली. तीन बोटं.

"नाही," हिबर्ट म्हणाला. "एकही पाऊस नाही लागला. मी तुला लागला म्हणालो."

तिचा हात मांडीवर पडला. तिनं तोंड खिडकीकडे वळवलं, आणि हिबर्ट तिथंच मान घालून बसून राहिला, कारण दुसरीकडे कुठं जावं हे त्याला सुचेना. बाहेर कोणीतरी गवत कापत होतं. बऱ्याच वेळानं त्याच्या बाहीला ओढ बसली. अल्मेडानं डाव्या हातानं त्याची बाही धरली होती आणि दाराकडे बघत होती.

त्यानं खुंटीवरचा तिचा कोट काढला आणि तिच्या अंगात घालायला लागला. आधी जड हात, मग हलका. नर्स धावत आली. चांगली बाई होती. तिनं दरडावलं नाही, समजावलं. बहिणीला विचारलंय का, घरी करणार कोण, आणि ती शेगडी काढून टाकली म्हणता, मग ऊब कशाची?

"कशाचीच नाही," हिबर्ट बटणं लावत म्हणाला.

"अहो, मग पहिल्या थंडीतच मरतील त्या तिथं."

"हो," तो म्हणाला. "तिनं तेवढंच मागितलं होतं."

त्यानं वरचं बटण लावलं, कॉलर नीट केली आणि आईला उचलून घेतलं.